मिठाचं शेत आणि घुडखराचं अभयारण्य : कच्छच्या छोट्या रणातले अगरिया



परिसर अभ्यासात अभयारण्य शिकवताना बरीच वर्षं मी फळ्यावर एक ठरलेलं वाक्य लिहायचे. 'जिथे वन्यप्राणी निर्भयपणे राहतात आणि माणसांना जाण्यास बंदी असते ते अभयारण्य.' मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, दोन गुण मिळायचे. एका वर्षी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग तिथं आधीपासून राहणारी माणसं कुठं जातात?" तिचे आईवडील दिवाळीनंतर कोयत्यावर जायचे, त्यामुळे 'कुठं जातात' हा प्रश्न तिला पुस्तकातला नव्हता. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. नंतर ते मलाच टोचत राहिलं. शिवाय माझं वाक्यही अर्धवटच होतं. अभयारण्यात सरसकट सगळ्यांना बंदी नसते. परवानगीने आणि हक्काने माणसं तिथे राहू शकतात, काही कामंही करू शकतात. कडक बंदी असते ती राष्ट्रीय उद्यानात.

हे समजावायला मला सगळ्यात चांगलं उदाहरण सापडलं ते मिठाचं. मीठ प्रत्येक मुलाच्या घरात असतं, म्हणून धडा तिथूनच सुरू करता येतो. हा लेख चौथी-पाचवीच्या शिक्षकांना पाठासाठी वापरता येईल, आणि पालकांना मुलांशी गप्पा मारताना.

मीठ कुठून येतं?

वर्गात विचारा, सगळे एका सुरात सांगतील, "समुद्रातून!" बरोबरच आहे. आपल्या कोकणात उरण, पेण, पालघरकडे खाडीचं पाणी बांध घालून अडवतात, उन्हात आटवतात आणि मीठ काढतात. त्या जागेला मिठागर किंवा नुसतं आगर म्हणतात. आगरी समाजाचं नाव त्या आगरावरूनच आलं असं सांगतात. गुजरातमध्ये मीठ पिकवणाऱ्यांना 'अगरिया' म्हणतात. आगरी आणि अगरिया, हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की मुलांचे डोळे चमकतात.

आपल्या देशातलं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत तयार होतं. त्यातलं बरंचसं समुद्रकिनाऱ्यावरच्या मोठ्या मिठागरांतून येतं. पण एक जागा अशी आहे की जिथे समुद्र डोळ्यांना दिसतसुद्धा नाही आणि तरी तिथे मीठ पिकतं. ती जागा म्हणजे कच्छचं छोटं रण.

नकाशा काढा. कच्छचं आखात जमिनीत जिथे निमुळतं होत संपतं, त्याच्या पुढचा भाग म्हणजे छोटं रण. क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटर. रण म्हटलं की मुलांना वाळूचे डोंगर आणि उंट आठवतात. इथे वाळूचे डोंगर नाहीत. इथे आहे सपाट, तडे गेलेली, राखाडी चिखलाची जमीन. पूर्वी हा समुद्राचाच एक फाटा होता. नद्यांनी आणलेल्या गाळाने आणि भूकंपासारख्या जमिनीच्या हालचालींनी तो हळूहळू भरत, वर येत गेला. समुद्र मागे हटला पण त्याचं खारेपण गाळात राहून गेलं. म्हणून जमिनीखाली आजही पाणी लागतं ते खारट, समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त खारट.

आणि हे रण वर्षभर रण नसतं, हे मुलांना आवर्जून सांगा. पावसाळ्यात बनास, रूपेण यांसारख्या नद्यांचं गोडं पाणी एका बाजूने येतं, सुरजबारीच्या खाडीतून भरतीचं खारं पाणी दुसऱ्या बाजूने येतं, आणि सगळं रण उथळ पाण्याखाली जातं. अधूनमधून उंचवट्याची जमीन तेवढी कोरडी राहते. तिला तिकडेही 'बेट'च म्हणतात. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं आत येतात, उथळ कोमट पाण्यात वाढतात, आणि पाणी उतरायला लागलं की परत समुद्राकडे निघतात. त्या वाटेवर जाळी लावून मच्छीमार त्यांना धरतात. म्हणजे एकाच जमिनीवर पावसाळ्यात कोळंबी आणि उन्हाळ्यात मीठ! पाणथळ जागा म्हणजे काय, ती वर्षभर ओली नसली तरी पाणथळच कशी असते, हे समजवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मीठ 'पिकतं' कसं

गणपती-नवरात्र झालं, पाणी ओसरलं की साधारण ऑक्टोबरात अगरिया कुटुंबं रणाच्या काठावरची आपली गावं सोडून आत जायला निघतात. बायकामुलं, भांडीकुंडी, पिण्याच्या पाण्याचे पिंप, पंप, सगळं ट्रॅक्टरवर किंवा टेम्पोत. पुराने मागच्या वर्षीच्या सगळ्या खुणा पुसून टाकलेल्या असतात. झाड नाही, दगड नाही, रस्ता नाही. तरी ज्याची त्याची जागा ज्याला त्याला सापडते. पिढ्यानपिढ्यांची सवय, दुसरं काय म्हणणार.

आधी विहीर. पूर्वी तीस फूट किंवा त्याहून खोल विहीर हाताने खणायचे, आता बोअरही घेतात. पाणी लागलं म्हणून आनंद होतो, पण त्यातलं थेंबभरही पिता येत नाही. पिण्याचं पाणी टँकरने येतं, तेही रोज नाही. आंघोळ म्हणजे चैन.

मग वाफे तयार करायचे. माती ओली करायची आणि अख्ख्या कुटुंबाने पायांनी तुडवायची. दिवसच्या दिवस. आपल्याकडे घरं सारवायच्या आधी जमीन चोपून घट्ट करायचे ना, तसंच, पण त्याहून कितीतरी मोठ्या जागेवर. तळ इतका घट्ट झाला पाहिजे की पाणी खाली झिरपता कामा नये.

यानंतरचा भाग विज्ञानाचा आहे, तिथे थोडं थांबू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरातले लोक पाण्याचा खारेपणा 'बोमे' नावाच्या अंशात मोजतात. काचेची एक नळी पाण्यात सोडतात. पाणी जितकं खारं, तितकी ती वर तरंगते. समुद्राचं पाणी या मापाने साधारण ३ अंश भरतं. रणातल्या विहिरीचं पाणी १२ ते १८ अंशांपर्यंत असू शकतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या आगऱ्याला उन्हात जेवढं पाणी आटवावं लागतं, त्यातलं बरंचसं काम इथे जमिनीने आधीच करून ठेवलेलं असतं.

पंपाने उपसलेलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवतात. प्रत्येक टप्प्यावर ते आटतं आणि जास्त खारं होतं. आधी चुनखडीसारखे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, आणि २५ अंशांच्या आसपास आपलं ओळखीचं मीठ स्फटिक धरू लागतं. शेवटी उरलेलं पाणी फार पुढे आटवलं तर त्यातले मॅग्नेशियमचे क्षार उतरतात आणि मीठ कडवट होतं. म्हणून कुठल्या वाफ्यात पाणी कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं हे सगळं कसब आहे. शाळेची पायरी न चढलेला माणूसही पाण्याचा रंग आणि चव बघून हे सांगतो. आपण ज्याला 'स्फटिकीभवन' म्हणून सातवीत घोकायला लावतो, ते हेच.

मीठ धरायला लागलं की लाकडी दाताळं फिरवायचं. रोज. म्हणजे खडे तळाला चिकटून बसत नाहीत आणि सगळीकडून सारखे वाढतात. रणातलं हे मोठ्या खड्यांचं मीठ 'वडागरु' नावाने ओळखलं जातं. हिवाळाभर अनवाणी पायांनी त्या खाऱ्या पाण्यात उभं राहून हे काम चालतं. पायांची कातडी जाड, बधिर होते, भेगा पडतात. पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे बिघडतात. अगरियांच्या पायांबद्दल, चितेबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मोठ्यांनी ती ऐकली असेल. मी ती वर्गात सांगत नाही. नऊ वर्षांच्या मुलांनी माणसाचं काम बघावं असं मला वाटतं, त्यांना घाबरवायला नको.

मार्च-एप्रिलमध्ये मीठ ओढून ढीग लावतात, ट्रकने खाराघोड्यासारख्या काठावरच्या गावी नेतात, आणि पाऊस यायच्या आत माणसं परत गावी येतात. साताठ महिने रणात, बाकीचे गावात.

हिशेब

गणिताच्या तासाला हे उदाहरण घालता येतं. अगरियाला मिठाचा भाव टनावर मिळतो, आणि तो असतो काही शे रुपये. समजा टनाला ३०० रुपये मिळाले. एक टन म्हणजे १,००० किलो. तर एका किलोला किती? मुलं करतात आणि स्वतःच दचकतात. ३० पैसे. मग दुकानातल्या पुडीवरची किंमत वाचायला सांगा.

इथे एक काळजी घ्या. मुलं लगेच म्हणतात, "दुकानदार लुटतो." तसं सरळ नाही. मधे मीठ धुणं, दळणं, आयोडीन मिसळणं, पुडी, वाहतूक, हे सगळं येतं. पण हंगामाच्या सुरुवातीलाच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते, त्या बदल्यात मीठ त्यालाच द्यावं लागतं आणि भाव तोच ठरवतो, हेही खरं. त्यातून मोठा खर्च पंपाच्या डिझेलचा. अलीकडच्या वर्षांत बऱ्याच जणांनी सरकारी अनुदानातून सौर पंप बसवले आणि त्यांचं डिझेल वाचलं. ज्या उन्हाने मीठ होतं त्याच उन्हाने पंप चालायला लागला, हे मुलांना फार आवडतं.

'उचल' हा शब्द आमच्या वर्गात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल काय असते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

घुडखर आणि 'शून्य' नंबरची जमीन

आता मूळ प्रश्नाकडे. याच छोट्या रणात घुडखर राहतो. हे एक रानगाढव आहे, फिकट तपकिरी-पांढऱ्या रंगाचं, पाठीवर गडद पट्टा असलेलं, आणि धावायला लागलं तर तासाला ७० किलोमीटरच्या आसपास वेग घेणारं. भारतीय रानगाढव आज जगात मुख्यतः इथेच उरलं आहे. १९६० च्या दशकात साथीच्या रोगाने त्याची संख्या काही शेवर आली होती. १९७३ मध्ये सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचं घुडखर अभयारण्य जाहीर झालं. अगदी योग्य झालं. २०२० च्या गणनेत ६,०८२ आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ घुडखर मोजले गेले. थंडीत क्रौंच आणि इतर पाहुणे पक्षी येतात, रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

पण ज्या जमिनीवर हे अभयारण्य झालं, तिथे अगरिया आधीपासून मीठ पिकवत होते. ब्रिटिशांच्या काळात तर खाराघोड्याला सरकारचंच मिठाचं मोठं ठाणं होतं. अडचण अशी की या रणाची जमीनमोजणी कधी झालीच नाही. महसुलाच्या कागदावर ते 'सर्व्हे नंबर शून्य'. सातबारा नाही, पावती नाही. दरवर्षी पुरात वाहून जाणाऱ्या झोपडीचा पुरावा कुठून आणायचा? कायद्याप्रमाणे अभयारण्य केलं की तिथल्या लोकांचे हक्क नोंदवून त्यांचा निवाडा करायचा असतो. ते काम १९९७ मध्ये सुरू झालं आणि रेंगाळलं. अनेकांना आपण अर्ज करायचा असतो हेच कळलं नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून पुढे पिढीजात अगरियांनाच रणात जायला अडवलं जाऊ लागलं. २०२३ मध्ये सरकारने पारंपरिक अगरियांना नोंदणी करून १० एकरांपर्यंत मीठ पिकवू देण्याचा निर्णय घेतला.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. घुडखर वाढले ते अगरियांमुळे, असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही वर्गात म्हणू नका. ट्रकच्या वर्दळीचा, इंजिनांच्या धुराचा, मोठमोठ्या बेकायदा मिठागरांच्या बांधांचा त्रास प्राण्यांना होतोच. पण अगरिया राहत असतानाच घुडखर काही शेंवरून काही हजारांवर गेले, एवढं आकडे सांगतात. घुडखर चरतो ते बेटांवरच्या गवतावर आणि काठावरच्या शेतांत (शेतकऱ्यांची तक्रार त्याबद्दल असते!). अगरिया काम करतो ते जिथे गवताची काडी उगवत नाही अशा भुईवर. दहा एकरात दाताळं फिरवणारं कुटुंब आणि यंत्रं लावून शेकडो एकर अडवणारा ठेकेदार, हे दोघे 'मानवी हस्तक्षेप' या एकाच शब्दात बसवणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या पुस्तकांत मात्र माणूस म्हणजे माणूस, सगळे एकाच माळेचे मणी.

दुसरीकडे रणावर संकट येतं ते अगरियाच्याही हातात नसलेलं. अवकाळी पाऊस तर आहेच. शिवाय नर्मदेच्या कालव्यांतून सुटलेलं जास्तीचं पाणी भलत्या वेळी रणात शिरतं. शेतकऱ्याला जे पाणी अमृत, तेच तयार वाफ्यात आलं की चार महिन्यांचं मीठ विरघळवून टाकतं.

शाळा

हा भाग वाचताना मी जास्त वेळ थांबले, कारण तो आपल्या धंद्याचा आहे. जून ते सप्टेंबर मूल गावातल्या शाळेत, आणि ऑक्टोबरात नाव पटावर पण मूल रणात. रणात वस्त्या एकमेकींपासून किलोमीटर-किलोमीटर दूर. तिथे तंबूत शाळा चालवल्या गेल्या. जुन्या एसटी बसमधल्या सीट काढून तिचाच वर्ग करायचा प्रयोगही झाला. शिक्षक स्वतः तिथे जायचा, हे महत्त्वाचं. आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, त्यात मूल गावात ठेवून आईबाप जातात. दोन्हीत काहीतरी तुटतंच. गावात ठेवलं तर आई तुटते, सोबत नेलं तर शाळा. आमच्या शाळेत दोन्ही प्रकारची मुलं आहेत. मार्चमध्ये परत आलेल्या मुलाला 'तू काय शिकलास तिकडे?' असं आता मी विचारते. पूर्वी विचारायचे, 'किती बुडालं?'

वर्गात करून बघा

खर्च जवळजवळ नाही. अर्धा अर्धा लिटर पाण्याचे दोन डबे घ्या. एकात चहाचे तीन सपाट चमचे मीठ घाला, हे झालं समुद्राचं पाणी. दुसऱ्यात तेरा चमचे घालून पूर्ण विरघळवा, हे रणातल्या विहिरीचं. दोन्हींत एकेक छोटा बटाटा सोडा. पहिल्यात तो बुडतो, दुसऱ्यात तरंगतो. (बटाट्या-बटाट्यात फरक असतो. तरंगला नाही तर दोन-तीन चमचे मीठ वाढवा.) 'बोमे'ची नळी कशी काम करते ते न सांगता कळतं.

मग दुसऱ्या डब्यातलं पाणी दोन स्टीलच्या ताटांत पातळ थरात ओतून उन्हात ठेवा. एका ताटात रोज दोन वेळा काडी फिरवायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तीन-चार दिवसांत दोन्हींतले खडे हातात घेऊन तुलना करा. माशा, चिमण्या, धूळ सगळं पडतं, तेही वहीत लिहायला सांगा. हे मीठ खायचं नाही, एवढी सूचना आधीच द्या.

पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा फेब्रुवारी होता. तिसऱ्या दिवशी कडेला पांढरी नक्षी उमटली होती, मुलं प्रत्येक सुट्टीत पळत जाऊन बघत होती. शुक्रवारी संध्याकाळी ताटं आत घ्यायची राहिली, आणि रात्री अवकाळी आली. सकाळी दोन्ही ताटं काठोकाठ पाण्याने भरलेली, मिठाचा खडा नाही. दोन मुली रडायलाच लागल्या. मी म्हटलं पुन्हा करू, चमचे मोजा. एक मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "बाई, आपलं दोन ताटांचं गेलं. त्यांचं किती जात असंल?" त्या दिवशी गणिताचा तास तोच झाला. वाफ्याची लांबी, रुंदी, मिठाच्या थराची जाडी मुलांनी स्वतःच धरली आणि फळा पुरेना म्हणून हिशेब व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने केला.